करवंटीतले चौदा चिंचोके

माझ्या सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं, घड्याळ कळत नव्हतं, आणि मोटारसायकलवर त्या जन्मात बसल्या नाहीत. तरी आठ वर्षं आमच्या माळावरच्या मोटारसायकल शर्यतीत पहिला कोण आणि दुसरा कोण, हे त्या सांगतील तेच खरं असायचं. द्वारकाबाई त्यांचं नाव. मी त्यांना मामी म्हणायचो, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. त्यांच्याबद्दल सांगायचं तर मला माझीच अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागते. मांडतो. एकदा मांडून झालेली आहे, आता तिला काय नवी भोकं पडायची राहिलीत!

मी बद्रीनाथ. गाव वैजापूर तालुक्यातलं, पण अठ्ठ्याऐंशी सालापासून वाळूजच्या एका कारखान्यात, आणि राहायला बजाजनगरात. डोकं पहिल्यापासून गरम. सासुरवाडी जवळच, बजाजनगरापासून सायकलवर अर्ध्या तासाची. सासरे कारभारी मामा, त्यांची रस्त्याच्या कडेला दहा-बारा एकर जमीन. त्यातला अर्धा माळ, नुसतं कुसळी गवत. त्या माळावर आमची शर्यत व्हायची.

ही शर्यत सुरू केली व्यंकटरावांनी. आमच्याच कारखान्यात टूलरूमला होते, राहायला शहरात. बारीक अंगाचा, चष्मेवाला, शुद्ध बोलणारा माणूस, पण मोटारसायकलचा आवाज आला की जेवण टाकून उठायचा. ते आम्हाला समजावून सांगायचे की देशाची एक चॅम्पियनशिप असते, तिच्या शर्यती पुण्या-नाशकाकडं होतात, प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात, वर्षअखेर ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन. आमच्या शर्यतीला गुण नव्हते. ती कशातच धरत नसत. परवानगी ग्रामपंचायतीची आणि पोलीस ठाण्याची, बक्षीस म्हणजे एक नारळ, एक फेटा. नियम एकच कडक होता, ज्या गाडीवर रोज कामाला जातो तीच गाडी शर्यतीत आणायची, आणि संध्याकाळी तिच्यावरच घरी जायचं. म्हणजे मोडली तर उद्या पाळीला पायी.

पहिल्या वर्षी फेऱ्या मोजण्यावरून मारामारी झाली. माळाला पंधरा फेरे घालायचे होते आणि मोजायला बसवलेल्या कारकुनाचा कागद वावटळीनं उडवून नेला. एक म्हणतो माझे पंधरा झाले, दुसरा म्हणतो तुझे तेराच. तेव्हा लिंबाखाली चहाचं आधण बघत बसलेल्या मामी म्हणाल्या की लाल सदऱ्याचे चौदा झाले आणि पिवळ्या टोपीचे पंधरा. बायामाणसाचं कोण ऐकतंय! पण व्यंकटराव उठून जवळ गेले. बघतात तर मामींनी चुलीशेजारी मातीत चिंचोके मांडलेले. लाल सदऱ्याच्या ओळीला मिरची, पिवळ्या टोपीच्या ओळीला हळकुंड. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला होत्या, तिथं पाट्या मोजायची ही रीत त्यांनी शिकून घेतली होती. मुकादम खोटं बोलायचा, चिंचोके बोलत नसत.

पुढच्या वर्षापासून व्यंकटरावांनी त्यांना रीतसर बसवलं. लिंबाखाली पोतं, पोत्यावर मामी, पुढं बारा करवंट्या. आकडे वाचता येत नव्हते म्हणून करवंटीपुढं खूण. कुणाला मिरची, कुणाला खोबऱ्याचा तुकडा, कुणाला लसणाची पाकळी. गाडी लिंबापुढची चुन्याची रेघ ओलांडून गेली की त्या करवंटीत एक चिंचोका. मी लग्न होऊन जावई झालो, शर्यतीत उतरायला लागलो, तेव्हा माझ्या करवंटीपुढं त्यांनी सुपारी ठेवली. पूजेत गणपती म्हणून मांडतात ती. बाकीचे चिडवायचे, जावयाची पूजा मांडली म्हणून. मला आतून बरं वाटायचं.

आता नव्व्याण्णव सालचं सांगतो. माघ महिना, उन्हं नुकती तापायला लागलेली. त्या वर्षी पुण्याचा एक टीमवाला येणार होता. चॅम्पियनशिपच्या शर्यतीत त्याच्या दोन गाड्या पळायच्या आणि एक पळवणारा कमी पडला होता. त्यानं व्यंकटरावांना निरोप धाडला होता की तुमच्याकडं जो पहिला येईल, त्याला ह्या हंगामात मी घेतो. म्हणजे शर्यत कशातच धरत नव्हते, पण माझं सगळं तिच्यावर होतं. अकरा वर्षं मी एकाच मशीनवर उभा. एकतीस वय झालेलं. पुन्हा असा माणूस आमच्या माळावर येणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी बायको सरू, तिलाही ठाऊक होतं. आठ दिवस मी घरात धड जेवलो नाही.

माझ्या तोडीचा एकच, नानासाहेब. सोयगावचा पोरगेला गडी, आमच्याच लाइनीवर कामाला. शर्यत सुटली तसे आम्ही दोघं पुढं, बाकीचे लई मागं. आठ फेऱ्यांपर्यंत मी त्याच्या मागल्या चाकाला चाक लावून होतो. लिंबापासून सुटलं की माळाच्या टोकाला विहीर, विहिरीला लागून कडब्याची गंज, आणि त्यामागून मोठं वळण. ते वळण लिंबाखालून दिसत नसे. तिथं एक झेंडेवाला उभा केलेला असायचा. नवव्या फेऱ्याला त्या वळणावर माझं मागलं चाक सटकलं. मी पडलो, गाडी बंद. किक मारतोय, मारतोय, काही केल्या धरेना. धरली तोवर नानासाहेब कुठल्या कुठं गेलेला.

दहाव्या फेऱ्याला मी पुन्हा विहिरीशी आलो तेव्हा तिथला झेंडेवाला जागेवर नव्हता, पाणी प्यायला गेला असावा. धुरळा एवढा की हात दिसेना. गंजीच्या अलीकडून एक गाडवाट आडवी निघायची, बैलगाडीची जुनी चाकोरी, मोठं वळण गाळून थेट पलीकडं. मी हँडल वळवलं. विचार केला असं म्हणणार नाही, पण नकळत झालं असंही म्हणणार नाही. वळवलं. पलीकडं निघालो तर नानासाहेब हाकेच्या अंतरावर. पुढचे पाच फेरे मी जीव खाऊन गाडी चालवली आणि शेवटच्या फेऱ्याला त्याला मागं टाकून रेघ ओलांडली. लोकांनी टोप्या उडवल्या. पुण्याचा माणूस माझ्याकडं बघून हसला. मी गाडीवरून उतरून व्यंकटरावांच्या पाया पडलो, खोटारडा मी.

रिवाजाप्रमाणं व्यंकटराव लिंबाखाली गेले. मामींनी सुपारीची करवंटी पोत्यावर पालथी केली, बोटानं एकेक चिंचोका बाजूला सारला आणि म्हणाल्या, "जावईबापूंचे चौदा."

व्यंकटरावांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चौदा. लोकांत कालवा झाला. म्हातारीचा एक चिंचोका चुकला, धुरळ्यात गाडी दिसली नसंल, असं जो तो म्हणायला लागला. मी तर आगीचा लोळ झालो होतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. सगळ्यांच्या देखत मी सासूला म्हणालो की तुमचे डोळे गेलेत, घरी बसा. कारभारी मामा खाली मान घालून उभे. मामी माझ्याकडं बघत होत्या, रागानं नाही, नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "करवंटीत चौदा हायती. म्या पंधरा कुठून सांगू?"

व्यंकटरावांनी नियम सोडला नाही. करवंटी सांगेल तो निकाल. नानासाहेबाला फेटा बांधला आणि पुण्याचा माणूस त्याला घेऊन गेला. पण लोकांचं समाधान झालं नाही. बजाजनगरच्या चहाच्या टपरीपासून कारखान्याच्या गेटपर्यंत एकच बोलणं, आंधळ्या म्हातारीनं आपल्याच जावयाचं वाटोळं केलं. मी ते बोलणं थांबवलं नाही. उलट फुंकर घातली. पुढच्या वर्षी व्यंकटरावांनाही नाइलाज झाला, मोजायला पुण्याहून दोन माणसं आली, हातात घड्याळं, पुढं छापील तक्ते. मामी चहाच्या चुलीपाशी बसल्या. करवंट्या कुणी मागितल्या नाहीत.

नव्व्याण्णव सालीच अधिक जेठ होता. धोंड्याचा महिना. आमच्याकडं जावयाला बोलावून, पाटावर बसवून, तेहतीस अनारशांचं वाण देतात, वर दिवा ठेवून. बोलावणं आलं. मी गेलो नाही. दिवाळीला सरूला माहेरी पाठवलं नाही. संक्रांतीला नाही. तिचा भाऊ न्यायला आला तर त्याला दारातून परत लावला. सरू तोंडानं काही बोलत नसे, पण ताट माझ्यापुढं आदळून ठेवायची. अडीच वर्षं मी एका बाईला तिची लेक दिसू दिली नाही, आणि कशापायी, तर तिनं खरं मोजलं म्हणून. हे मला कळत होतं बरं का. रात्रंदिवस कळत होतं. कळणं आणि वळणं ह्यात माझ्यासारख्या माणसाचं सगळं आयुष्य जातं.

मनाशी मी एक पळवाट काढून ठेवली होती. मी गाडवाटेनं गेलो तरी चुन्याची रेघ पंधराच वेळा ओलांडली होती. लिंबाखालून गाडवाट दिसत नाही. म्हणजे मामींना चौदा मोजायचं काही कारणच नव्हतं. म्हणजे त्या चुकल्याच. माझं पाप वेगळं आणि त्यांची चूक वेगळी, असं मी स्वतःला पटवत होतो.

दोन हजार एक साली पुन्हा अधिक महिना आला, अश्विन. ह्या वेळी कारभारी मामा स्वतः खोलीवर आले. पाणी पण घेतलं नाही, उंबऱ्यात उभ्यानंच बोलले की तुम्ही नाय आलात तर म्हातारी अनारसे तळणारच नाय म्हणती. ते गेल्यावर सरूनं पिशवी भरायला घेतली. म्हणाली की तुम्ही या नाहीतर नका येऊ, मी चालले, आणि परत आणायला बँडबाजा लावावा लागंल. मुकाट तिच्या मागं गेलो.

मामी वाळल्या होत्या. सरूला धरून त्या किती वेळ रडत होत्या, मी अंगणात दावणीपाशी उभा. मग पाट मांडला, मला बसवलं, ओवाळलं, ताट पुढं केलं. अनारशांवर दिवा तेवत होता. मामी हसून म्हणाल्या, "मोजून घ्या बरं जावईबापू. म्हातारीची गिनती चुकती म्हणत्यात."

थट्टाच होती ती. सासू जावयाची करते तशी. पण मी दिवा बाजूला ठेवला आणि खरंच मोजायला लागलो. तेहतीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. सरू पाणी आणायला आत गेली होती, कारभारी मामा गोठ्यात. मी खाली बघूनच विचारलं, "मामी, त्या दिवशी तुम्ही चौदा का सांगितले?"

त्यांनी आधी आतल्या दाराकडं बघितलं, लेक ऐकत नाही ना म्हणून. मग हळू आवाजात सांगितलं. तुम्ही गाडीवर बसलात की माझ्या जिवात जीव नसायचा, म्हणाल्या. हात करवंट्यांत, पण तोंडात तुमच्यासाठी ओवी चालू. तुम्ही समोरून गेलात की वेरूळच्या घृष्णेश्वरापासून धरायची, एका देवाची एक ओवी. शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाची नववी, ती संपायला आणि तुमची गाडी परत दिसायला एक गाठ. दर फेऱ्याला, दर वर्षाला, नऊ म्हणजे नऊ. आणि त्यांनी ती नववी ओवी मला तिथं बसल्या बसल्या म्हणून दाखवली:

लोखंडाचा घोडा, फेर धरी माळाला
खंडोबा सांभाळ, माझ्या लेकीच्या कुंकवाला

"नवव्या फेऱ्याला तुमी आलाच नाय," त्या म्हणाल्या. "नऊ देव झाले. पुन्हा पहिल्यापासून धरले. माझं काळीज कसं झालं हुतं ते माझं मला ठावं. मंग आलात. अन् दहाव्याला म्या भद्रा मारुतीपतुर आले तवर तुमी हजर. सहावा देव तो. तीन देव मागं ऱ्हायले अन् तुमी पुढं आलात. त्यो फेरा कसा धरू म्या?"

मी दिवा उचलून परत अनारशांवर ठेवला. अख्ख्या माळावर माझी चोरी एकाच माणसाला कळली होती, आणि कळली ती त्या माणसाला माझी काळजी होती म्हणून. दुसऱ्या कुणासाठी त्यांनी ओव्या म्हटल्या नव्हत्या. दुसऱ्या कुणी गाडवाट धरली असती तर त्यांना पत्ता लागला नसता, त्याच्या करवंटीत पंधरा पडले असते.

मग मी विचारलं की तेव्हाच का बोलला नाहीत, लोक तुम्हाला आंधळी म्हणत होते. त्या म्हणाल्या की खोटा चिंचोका टाकणं माझ्याच्यानं झालं नाय, आणि लेकीच्या नवऱ्याला चारचौघांत चोर म्हणणं बी झालं नाय. मंग एकच उरलं, मीच आंधळी. पदरानं डोळे पुसून वर मलाच म्हणाल्या की अनारसा खा, गार व्हईल.

अडीच वर्षं त्यांना दोन शब्दांत सुटता आलं असतं. लेक घरी आली असती, करवंट्या परत मिळाल्या असत्या. त्यांनी ते दोन शब्द गिळले, आणि मी इकडं ताटं आदळून घेत होतो.

पुढच्या माघात शर्यत आली. मी पळायला नाव दिलं आणि मामींना बळंच लिंबाखाली आणून बसवलं, सरू त्यांच्याजवळ. नानासाहेबही आला होता. दोन हंगाम चॅम्पियनशिपमध्ये पळाला होता, सहावा-सातवा यायचा, मग गळपट्टीचं हाड मोडलं आणि सोयगावला गॅरेज टाकलं. सुटायच्या आधी व्यंकटराव सूचना देत होते. मी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"नव्व्याण्णव साली दहावा फेरा मी गाडवाटेनं मारला," मी म्हणालो. "मामी चुकल्या नव्हत्या. माझे चौदाच होते."

वाटलं होतं आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. थोडी कुजबुज झाली, कुणी हसलं. एकजण तर जवळ येऊन म्हणाला की जाऊ दे ना बद्री, ती शर्यत कशात धरत होते, कशाला जुनं उकरतो? त्याच्या मुस्कटात द्यावीशी वाटली. कशातच धरत नव्हते म्हणूनच तर तिच्यात एका म्हातारीच्या करवंटीवाचून दुसरं काही नव्हतं, आणि ती करवंटी मी फोडली होती. नानासाहेब मात्र आला. बरं झालं सांगितलंस, म्हणाला, तीन वर्षं मी म्हातारीच्या चुकीवर पुण्याला गेलो असं ऐकत होतो. तेव्हा मला कळलं की त्याचाही फेटा मी मळवला होता. त्याची मी माफी मागितली.

सरूनं माझ्याकडं बघितलं नाही. तिला मी हे घरी सांगितलेलं नव्हतं, तेवढी हिंमत झाली नव्हती. माहेरच्या अडीच वर्षांचा हिशेब तिनं त्या एका क्षणात मनाशी लावला असणार. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मामी उठून माझ्यापाशी आल्या. इतक्या रागावलेल्या मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "येवढं झाकलेलं तुमी एका दमात उघडं केलं," म्हणाल्या. "कुणी सांगितलं हुतं तुमाला?" मी म्हणालो की कुणीच नाही. मग डोक्यावरचा पदर सारखा करून व्यंकटरावांना म्हणाल्या की करवंट्या चुलीमागच्या पाटीत हायती, कुणाला तरी आणाया धाडा.

व्यंकटरावांनी मला सगळ्यात मागून सुटायला लावलं, शिक्षा म्हणून. पुण्याच्या माणसांचे छापील तक्ते एका बाजूला, मामींचं पोतं एका बाजूला. माझ्या करवंटीपुढं सुपारी. मी विहिरीमागचं मोठं वळण पंधरा वेळा पुरं घेतलं. दहा जणांत सातवा आलो. उतरून लिंबाखाली गेलो, मामींनी करवंटी पालथी केली आणि मोजून पंधरा सांगितले. मग कुणाला ऐकू जाणार नाही असं मला म्हणाल्या, "समदे देव झाले."

पुढं चारेक वर्षांत माळाचे प्लॉट पडले, शर्यत बंद झाली. मामींना जाऊनही आता लई वर्षं झाली. त्याच प्लॉटांतला एक आम्हाला सरूच्या वाट्याचा मिळाला, तिथं घर बांधून राहतो. विहीर बुजली. गंज होती तिथं दुधाचं केंद्र आहे. जुनी गाडवाट आता सिमेंटची आडवी गल्ली झालीय, आमच्या दारातून निघून थेट दूध केंद्रापाशी जाते. रोज सकाळी मी किटली घेऊन निघतो, तर सरू मागून ओरडते की गल्लीनं जा, दोन मिनिटांत याल. मी मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जातो.